ताटातली वर्तुळं आणि बॉनेटवरचं जाळं

सकाळी साडेसातला बेळगावात शहापूरच्या आमच्या गल्लीत आलात तर निम्म्या गाड्यांपाशी एकच दृश्य दिसेल. जुन्या बनियनचं फडकं, तेही कोरडं, आणि बॉनेटवर गोल गोल फिरणारा हात. मीही सहा महिने हेच केलं, आणि गाडी घेतली होती काळी. खंडेनवमीच्या आदल्या रात्री पूजेसाठी म्हणून ती जरा जास्तच पुसली आणि खांबावरच्या दिव्याखाली उभी केली. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं विणावं तसं जाळं चमकत होतं. उद्यमबागेत डेंटिंग-पेंटिंगचं काम केलेले शेजारचे काका बाहेर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "गाडी पुसून लागलायस की तवा घासून?"

हात गोल फिरवला म्हणून चरे गोल पडले, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून बघा, तिथंही बल्बभोवती वर्तुळं दिसतील. ताट थोडं हलवा. वर्तुळं बल्बच्या प्रतिबिंबाबरोबर सरकतात! म्हणजे ती ताटात कोरलेली नाहीत. ताटावर चरे असतात उभे, आडवे, तिरपे, सगळ्या दिशांनी. पण बारीक चरा आपल्यावर पडलेला प्रकाश मुख्यतः स्वतःशी काटकोनात फेकतो. त्यामुळे प्रतिबिंबाभोवती जे चरे योगायोगानं वर्तुळाच्या कडेसारखे आडवे पडलेत, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बाकीचे असतात, पण दिसत नाहीत. हे कळल्यावर मला बरं वाटण्याऐवजी उलटंच झालं. दिसतात त्याच्या कितीतरी पट चरे गाडीवर होते.

हे चरे पडतात कुठं? आजच्या गाडीचा रंग म्हणजे चार थर. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर, गॅरेजच्या भाषेत 'क्लिअर'. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. चकाकी सगळी त्याची, आणि उन्हातले अतिनील किरण अडवायचं कामही त्याचंच. तो काचेसारखा दिसतो, पण आहे प्लास्टिकच्या जातीचा. रंगाच्या धंद्यात या थराचा कठीणपणा चक्क पेन्सिलीनं तपासतात: कोणत्या नंबरच्या शिशानं ओरखडा उठतो ते बघायचं.

आता त्याच्यासमोर आपल्याकडची धूळ ठेवा. खानापूर-जांबोटीकडून आलात तर गाडीवर जांभ्याची तांबडी माती बसते. तिच्यातल्या लोहाच्या खनिजांचा कठीणपणा मोह्जच्या १ ते १० या मापावर ५ ते ६ भरतो. स्वयंपाकघरातली सुरी ५.५ च्या आसपास. गोकाककडून आलात तर आणखी कठीण, कारण धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो क्वार्टझाइट, आणि क्वार्टझचा अंक ७. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख उडते, तिच्यातही सिलिका भरपूर. फडकं मऊ असून उपयोग काय? फडक्याखाली हे कण दाबून फिरवणं म्हणजे पाणीपेपर मारणंच, तेही पाण्याशिवाय.

म्हणून आधी नुसतं पाणी, वरून खाली, जितकी धूळ आपोआप वाहून जाईल तितकी जाऊ द्यायची. मग शाम्पू. साबणाचा रेणू एका टोकानं तेलकट मळाला धरतो, दुसऱ्या टोकानं पाण्याला, हे शाळेत शिकलोच. गाडीच्या बाबतीत त्याचा दुसरा गुण मोठा: तो कण आणि रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर करतो, त्यावरून कण घसरतो, रुतत नाही. बादल्या दोन घ्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि प्रत्येक वेळी कापड आधी साध्या पाण्यात खळबळून काढा. पाचव्या मिनिटाला त्या दुसऱ्या बादलीचा तळ बघा. तिथं बसलेला तांबडा गाळ एरवी बॉनेटवर फिरला असता.

पाण्याचंही एक आहे. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आलं तर चांगलं, पण गाडी धुवायला बहुतेकांना बोअरचंच मिळतं. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी वाळताना कॅल्शियम कार्बोनेट होऊन मागं राहतं, गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. थेंबाच्या आकाराचे ते पांढरे डाग नखानं खरवडू नका. पाण्यात व्हिनेगर घालून ओलं कापड मिनिटभर ठेवलं की सुटतात, मग लगेच धुवायचं. त्यापेक्षा सावलीत धुवून लगेच टिपलेलं बरं.

चरे घालवायला रबिंग, म्हणजे गॅरेजात पेस्ट लावून घासणं, करून घ्यावं का, असं मी काकांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं: "खड्डा बुजत नसतो बाबा, भोवतीची जमीन खाली येती." कॉम्पाउंड, म्हणजे रबिंगची ती पेस्ट, चऱ्याच्या तळापर्यंतचा क्लिअर घासून काढतं. हे एक-दोनदा चालतं. दर दसऱ्याला केलं तर क्लिअर इतका पातळ होतो की पुढं टपावर उन्हानं पापुद्रे सुटतात. वॅक्स मात्र काही काढत नाही, चऱ्यात बसून त्यांना झाकतं, आणि काही धुण्यांनंतर निघून जातं.

मी एकदाच रबिंग करून घेतलं. बनियनचं फडकं आता सायकलला.

त्याच खंडेनवमीची आणखी एक गंमत. भावाच्या पांढऱ्या गाडीवर वहिनींनी हळदीची बोटं ओढली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं ती कपड्यांच्या पावडरीनं धुवायला घेतली आणि पिवळी बोटं बघता बघता लालभडक झाली. रंगच खराब झाला म्हणून तो घाबरला. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कात लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. पावडर गेली तशी बोटं पुन्हा पिवळी झाली, फिकट. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, म्हणून गाडी तशीच अंगणात उन्हाला लावून ठेवायला सांगितली. दिवाळीच्या आत डाग उडाला. वहिनींना अजून वाटतं तो त्यानं घासून काढला.