पार्श्वभूमी: चाकुलियाहून गेलेल्या पेट्या

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी टाटानगर आणि घाटशिला मागे टाकते, आणि खरगपूरच्या आधी चाकुलिया नावाचं एक लहान स्टेशन येतं. आता ते झारखंडात आहे. गाडीतलं कुणी मान वर करून बघत नाही. अमेरिकेतल्या काही घरांत मात्र हे नाव अचानक समोर येतं. आजोबा वारतात, घर आवरायला काढतात, पत्र्याची एखादी पेटी उघडते आणि फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेलं सापडतं: चाकुलिया, १९४४. पत्रांत हे नाव सहसा मिळत नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सैनिकांना पत्रात ठिकाण लिहायला बंदी होती. सेन्सॉर करणारा अधिकारी तेवढं कापून टाकायचा.

२ एप्रिल १९४४ रोजी भारतात आलेलं पहिलं बी-२९ सुपरफोर्ट्रेस, म्हणजे अमेरिकेचं अवजड बॉम्बर विमान, उतरलं ते इथेच. चार बॉम्बर ग्रुप, म्हणजे अशा विमानांच्या तुकड्या, बंगाल-बिहारच्या या पट्ट्यात आले: ४० वा चाकुलियाला, ४६८ वा खरगपूरला, ४६२ वा पियारडोब्याला आणि ४४४ वा आधी चऱ्याला, मग दुधकुंडीला. जपानवर बॉम्ब टाकायचे, पण तिथवर पोचायचं चीनमधल्या चेंगडूजवळच्या धावपट्ट्यांवरून. त्या धावपट्ट्यांवर ना पेट्रोल ना बॉम्ब, त्यामुळे सगळं हिमालयाच्या पूर्व टोकावरून, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ‘हम्प’वरून, उडवत न्यायचं. हे काम मालवाहू विमानांबरोबर बॉम्बरनाही करावं लागे. एका हल्ल्यापुरतं इंधन साठवायला कितीतरी खेपा. विमानाच्या नाकाडावर प्रत्येक हल्ल्यासाठी एक बॉम्ब रंगवायचा आणि हम्पच्या प्रत्येक खेपेसाठी एक उंट. काही फोटोंत उंटांचा तांडाच दिसतो. उंट हा विनोद असला तरी त्या खेपा विनोदी नव्हत्या. बी-२९ची इंजिनं नवी होती, भारतातल्या उन्हाळ्यात भलतीच तापत आणि कधी कधी पेट घेत.

१५ जून १९४४च्या रात्री यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. १९४२च्या डूलिटल हल्ल्यानंतर, म्हणजे अमेरिकेच्या जपानवरच्या पहिल्या हवाई हल्ल्यानंतर, जपानच्या मुख्य बेटांवर पहिल्यांदाच बॉम्ब पडले. नुकसान फार झालं नाही, गाजावाजा मात्र मोठा झाला. १९४५च्या वसंतात ही सगळी विमानं प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांवर हलवली गेली. म्हणजे भारतातलं प्रकरण जेमतेम वर्षभराचं. या ग्रुपांचं मुख्यालय खरगपूरजवळच्या हिजली इथे होतं. हिजलीच्या ज्या तुरुंगात १९३१ साली ब्रिटिशांच्या गोळीबारात दोन बंदी ठार झाले, त्याच इमारतीत अमेरिकन अधिकारी हल्ल्यांचे आराखडे आखत बसले आणि पुढे तिथेच पहिली आयआयटी सुरू झाली. एका इमारतीने किती पाहावं!

पेटीतल्या वस्तूंपैकी मला सगळ्यात बोलकी वाटते ती ‘शॉर्ट स्नॉर्टर’. निरनिराळ्या देशांच्या नोटा टोकाला टोक लावून चिकटवायच्या आणि त्यांवर सोबत्यांच्या सह्या घ्यायच्या. बारमध्ये कुणी मागितली आणि ती खिशात नसली, तर पेय पाजावं लागे. अशा पट्टीत पंचम जॉर्जच्या मुलाचं, सहाव्या जॉर्जचं, चित्र असलेली एक रुपयाची नोट असते, मग चिनी नोट, एखादी सिलोनची. ऑगस्ट १९४४मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या पालेमबांगच्या तेल कारखान्यावरचा हल्ला सिलोनमधूनच झाला होता. नोटांचा क्रम म्हणजे त्या माणसाचा प्रवास, आणि सह्यांमधली एखादी अशा मुलाची, जो परतलाच नाही. इतकं एका गुंडाळीत मावतं.

मग घरच्यांनी याची इतकी काळजी का करायची? सरकारकडे नोंदी असतीलच की. इथेच घोळ आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसमधल्या लष्करी दस्तऐवज केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख व्यक्तिगत फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या फायली गेल्या. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई दल लष्कराचाच भाग होतं, त्यामुळे बॉम्बरवरचे लोकही त्यात आले. ग्रुपचे इतिहास आणि बेपत्ता विमानांचे अहवाल दुसरीकडे असल्याने वाचले. तुकडीचा हिशेब राहिला, माणसाचा जळाला. तो उरला असेल तर माळ्यावरच्या पेटीत.

चीन-बर्मा-इंडिया (सीबीआय) आघाडीवरच्या लोकांची संघटना १९४८ साली निघाली आणि सदस्य उरेनात म्हणून २००५ साली बंद झाली. एकेका ग्रुपचे मेळावे खरे भरले ते मंडळी निवृत्त झाल्यावर. तोवर नोकरी, मुलं, घराचे हप्ते. अमेरिकी काँग्रेसने २००० साली सैनिकांच्या आठवणी जमवायचा प्रकल्प लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवला. तो मुलाखती, पत्रं, फोटो घेतो. गणवेश आणि पदकं घेत नाही. संग्रहालयांकडेही जाकिटं भरपूर आहेत. त्यांना हवी असते जाकिटामागची माहिती: कोण, कुठला ग्रुप, कुठलं विमान. म्हणून पेटी उघडल्या उघडल्या वाटणी करू नये. पदकं थोरल्याकडे, फोटो धाकटीकडे, जाकीट जुन्या बाजारात, असं झालं की संच फुटतो आणि मग त्या फोटोतला माणूस कोण हे सांगणारं कुणी राहत नाही.

जपणुकीत उत्साह नडतो. शॉर्ट स्नॉर्टरवरची पिवळी पडलेली चिकटपट्टी ओढून काढायची नाही, कागद तिच्याबरोबर येतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. आधी दोन्ही बाजूंचे स्कॅन, नोटांच्या मूळ क्रमाने. रेशमी ब्लड चिट, म्हणजे ‘या वैमानिकाला मदत करा’ अशी विनंती निरनिराळ्या भाषांत छापलेलं फडकं, काचेत मढवून उजेडात टांगलं की रंग उडतो. चामड्याला तेल चोळायचं नाही. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती इतरांपासून लगेच वेगळी काढायची. फोटोमागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल बरी.

आणि फोटो नीट बघावेत, अगदी भिंगाने. विमानासमोर अकरा जण ओळीने उभे असतात, त्यांची नावं फोटोच्या पाठीवर असतात. पण त्याच गठ्ठ्यात धावपट्टीवर डोक्यावरून खडी वाहणाऱ्या बायका असतात, तंबूत चहा आणणारा पोऱ्या असतो, खांद्यावरचा सीबीआय बिल्ला जरीने भरून देणारा शिंपी असतो. त्यांच्या फोटोंच्या पाठीवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.