जादा पाटे टाकल्याने पिकअपची क्षमता वाढत नाही
जुन्या पिकअपला ताकदीचं इंजिन बसवलं आणि मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवले की गाडी जास्त माल नेऊ शकते, हा समज गॅरेजपासून बाजार समितीपर्यंत पक्का बसलाय. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. जादा पाट्यांमुळे गाडी मागून बसत नाही, एवढंच. वजन पेलायचं असतं ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि चासीला (गाडीच्या सांगाड्याला), थांबवायचं ब्रेकला. यातलं काहीच बदललेलं नसतं.

ब्रेकचं तर उलटंच होतं. अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यातल्या अंतरावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाटे कडक झाले की भरलेली गाडीसुद्धा त्याच्या लेखी रिकामीच, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाट उतरताना बराचसा ताण पुढच्या ब्रेकवर. पाटे बदललेच, तर हा व्हॉल्व्ह नव्याने जुळवून घ्या, कृपा करून टाळू नका.

इंजिन आणि सस्पेन्शन दोन्ही बदलणार असाल, तर इंजिन आधी ठरवा. पुढचं सस्पेन्शन त्याच्या वजनावर ठरतं. बदलाआधी आरटीओची मंजुरी घ्या. आरसीवरचं एकूण वजन (गाडी आणि माल मिळून कमाल किती) मात्र तेवढंच राहतं. ते ओलांडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये.