पुण्यातील वार्षिक उत्सव

पुणे शहरात दर वर्षी ठरलेल्या काळात होणारे धार्मिक, सांगीतिक, वैचारिक व नाट्यविषयक सोहळे. यांपैकी बहुतेकांची धुरा शासनाकडे नसून मंडळे, तालमी, सभा व न्यास यांच्याकडे आहे. सार्वजनिक गणेशोत्सव, ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्यांचा मुक्काम, वसंत व्याख्यानमाला, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हे त्यांतील प्रमुख होत.

गणेशोत्सवाचा आरंभ : पेशवाईत शनिवारवाड्यातील गणेशोत्सव मोठ्या इतमामाने होत असे, तथापि तो दरबारी होता. १८१८ नंतर उत्सव घरोघरी व वाड्यावाड्यांत उरला. त्याला सार्वजनिक रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आले. नेमके वर्ष मात्र वादाचे आहे. एका परंपरेनुसार कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी ग्वाल्हेर येथे शिंदे संस्थानचा उत्सव पाहिला व पुण्यास परतल्यावर मित्रांपुढे तसाच उत्सव करण्याची कल्पना मांडली. त्या मित्रांत भाऊसाहेब लक्ष्मण जावळे हे प्रमुख होते. ते व्यवसायाने वैद्य. शालू रंगविण्याच्या घरच्या धंद्यावरून लोक त्यांना भाऊ रंगारी म्हणत. जावळे, खासगीवाले व घोटवडेकर या तिघांच्या गणपतींपासून उत्सवाची सुरुवात धरली जाते. भाऊ रंगारी गणपतीचे मंडळ हे वर्ष १८९२ मानते; इतर अनेक लेखक १८९३ देतात. गुरुजी तालमीचा गणपती याहूनही जुना, १८८७ चा असल्याचे सांगितले जाते आणि त्याच्या स्थापनेत हिंदू व मुसलमान अशा दोन्ही कुटुंबांचा हात असल्याची परंपरा आहे. जावळे यांच्या गणपतीची मूर्ती राक्षसाचा वध करणाऱ्या गणेशाची आहे. आशीर्वादाचा हात उंचावून बसलेल्या नेहमीच्या मूर्तींहून ती अगदी निराळी दिसते व तिचे जतन आजही केले जाते.

लोकमान्य टिळकांनी केसरीच्या २६ सप्टेंबर १८९३ च्या अंकात या नव्या उपक्रमाचे स्वागत केले आणि १८९४ मध्ये आपण राहत असलेल्या विंचूरकर वाड्यात गणपती बसविला. हा क्रम पाहता उत्सवाचा आरंभ जावळे व त्यांच्या सहकाऱ्यांकडे आणि त्याचा प्रसार व राजकीय वळण टिळकांकडे जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे केले, तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. कारण १८९२ हे वर्ष धरल्यास ते १२६ वे ठरत होते.

कारणांविषयीही एकमत नाही. ऑगस्ट १८९३ मधील मुंबईच्या दंगलीनंतर हिंदूंच्या संघटनेसाठी उत्सव वाढविला गेला, असे काही अभ्यासक मानतात. त्यापूर्वी पुण्याचे हिंदू मोहरमच्या ताबुतांत मोठ्या संख्येने भाग घेत. १८९४ पासून तो सहभाग घटला, ही बाब या मताला पुष्टी देते. सरकारने सभांवर बंदी घातल्यामुळे धार्मिक उत्सवाची वाट काढावी लागली, असेही वारंवार लिहिले जाते. परंतु पुणे सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे काम १८७० पासून उघडपणे चालू होते व १८९५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पुण्यातच भरले. त्यामुळे हे स्पष्टीकरण जपूनच स्वीकारावे लागते.

आरंभीच्या उत्सवात मेळ्यांना फार महत्त्व होते. मुलांची पथके एकसारखा पोशाख करून पदे म्हणत. त्यांतील राजकीय आशयामुळे पुढे सरकारने निर्बंध घातले. मेळे ओसरल्यावर देखावे व रोषणाई यांना महत्त्व आले.

विसर्जन मिरवणुकीत मानाच्या, म्हणजे अग्रक्रम असलेल्या पाच गणपतींचा क्रम कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा असा आहे. मंडईतील टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकाकडे जाणारी ही मिरवणूक अलीकडे चोवीस तासांहून अधिक चालते. मिरवणुकीतील ढोल-ताशा पथकांत ढोल कमरेला बांधून एका पानावर (कातडी तोंडावर) टिपरू व दुसऱ्यावर हाताची थापी पडते. ठेका ताशा सांभाळतो आणि बारीक काड्यांची त्याची तडतड थांबली की सारे पथक थांबते. अशा पथकांना आजचे शिस्तबद्ध रूप येण्यात शाळांच्या पथकांचा, विशेषतः ज्ञानप्रबोधिनीचा, मोठा वाटा आहे.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव : किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने आर्य संगीत प्रसारक मंडळाने १९५३ मध्ये पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. रमणबाग शाळेच्या मैदानावर तो अनेक वर्षे रात्रभर चाले. समारोप भीमसेनांच्या गायनाने होई. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्रीच्या बैठकी आटोपत्या घ्याव्या लागल्या. याचा परिणाम केवळ वेळापत्रकावर झाला नाही. प्रत्येक रागाला गाण्याची ठरावीक वेळ असते. दुपारच्या सत्रामुळे मुलतानी व मारवा हे राग हमखास ऐकू येऊ लागले; मात्र मध्यरात्र उलटल्यावरचा मालकंस आणि पहाटेचा ललित त्यांच्या खऱ्या प्रहरी ऐकण्याची सोय गेली. हे नुकसान लहान नव्हे. २०११ मध्ये भीमसेन जोशी यांच्या निधनानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचे नाव जोडण्यात आले. पुढे तो मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर भरू लागला.

इतर : ज्येष्ठ वद्य पक्षात देहू व आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करतात. तुकारामांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या, तर ज्ञानेश्वरांची भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात उतरते. पालखीची प्रथा तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केली. ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र सोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभा केला. वारकऱ्यांच्या जेवणाची व निवाऱ्याची व्यवस्था पेठांतील कुटुंबे व मंडळे करतात.

वसंत व्याख्यानमालेचा उगम न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या १८७५ मधील उपक्रमात मानला जातो. ती उन्हाळ्यात महिनाभर चालते व टिळक स्मारक मंदिराशी निगडित आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९६३ मध्ये सुरू झाली. भरत नाट्य मंदिरात होणाऱ्या या स्पर्धेतून मराठी रंगभूमीला अनेक नट व दिग्दर्शक मिळाले. पुणे फेस्टिव्हल १९८९ पासून गणेशोत्सवाच्याच दिवसांत, तर पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ पासून भरतो.