अठ्ठावीस बाजूंचं गाव

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेलं असतं ते कार्व्हरमुळे. शेंगदाण्यातून आणि रताळ्यातून नाना वस्तू काढणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 साली अलाबामातल्या या लहानशा शहरातल्या संस्थेत आले आणि 1943 मध्ये तिथेच वारले. पुढे चौदा वर्षांनी ती संस्था शहराबाहेर गेली. इमारती जागच्या जागीच होत्या. हलली होती हद्द.

तोवर टस्कीगीची हद्द चौकोनी होती. 1957 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती नव्याने आखली आणि 28 बाजूंची एक वेडीवाकडी आकृती तयार झाली. शहरातल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी जेमतेम चार-पाच आत उरले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. संस्थेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले. महापौर लाइटफूट प्रतिवादी होते. नोव्हेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो गोमिलियन यांच्या बाजूने, आणि निकालपत्राला नकाशा जोडला: जुना चौकोन आणि त्याच्या पोटात नवी आकृती. तो नकाशा एकदा पाहिला की युक्तिवाद वाचायची फारशी गरज उरत नाही.

पण हद्द कुरतडणं हा तसा अडाणी मार्ग, कारण तो डोळ्यांना दिसतो. गणिताचा मार्ग दिसत नाही.

समजा, गावात 1000 मतदार आहेत, 700 गोरे आणि 300 काळे. नगरसेवक निवडायचे पाच, आणि वॉर्ड नाहीत. पाचही जणांना अख्खं गाव मत देणार. दोन्ही गट आपापल्याच उमेदवारांना मत देत असतील तर प्रत्येक जागी निकाल 700 विरुद्ध 300. म्हणजे तीस टक्के लोकांना शून्य जागा, तीही कुणाचं नाव यादीतून न गाळता.

यातून एक पळवाट होती. आपल्या गटाने एकच उमेदवार उभा करायचा, सगळ्यांनी फक्त त्याला मत द्यायचं आणि उरलेली चार मतं वापरायचीच नाहीत. गोऱ्यांची मतं आठ-दहा उमेदवारांत विखुरली की हा एक वर येऊ शकतो. अलाबामाच्या विधिमंडळाला हे ठाऊक होतं. 1951 च्या कायद्याने शहरांच्या निवडणुकांत अशी अर्धवट मतपत्रिका बाद ठरू लागली. 1961 मध्ये जागांना क्रमांक आले: जागा एक, जागा दोन, जागा तीन, प्रत्येकीची लढत वेगळी. म्हणजे प्रत्येक जागी पुन्हा 700 विरुद्ध 300. पुण्यात 2017 साली चारसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड असं चारदा बटण दाबलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. (आपल्याकडे त्यांतल्या काही जागा राखीव असतात, हा फरक मोठा आहे.)

आता प्रश्न असा की मतदान गुप्त असताना कोणत्या गटाने कुणाला मत दिलं हे कळणार कसं? संशोधक मतदान केंद्रांचे आकडे घेतात. आडव्या अक्षावर त्या केंद्रातल्या कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण, उभ्या अक्षावर उमेदवाराला मिळालेली मतं. ठिपके जवळपास सरळ रेषेत चढत गेले तर मतदान गटवार झालं असण्याची शक्यता मोठी. पण गठ्ठ्याच्या सरासरीवरून माणसाचं वागणं ताडण्यात चूक होऊ शकते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच दाखवलं होतं. म्हणून जवळजवळ एकाच गटाची वस्ती असलेली केंद्रं वेगळी काढून ताळा घेतात. 1986 पासून अमेरिकी न्यायालयांत असा पुरावा अशा खटल्यांचा कणा झाला आहे.

त्याच सुमारास अलाबामातल्या दीडशेहून जास्त स्थानिक संस्थांवर त्यांच्या वॉर्ड नसलेल्या निवडणुकांविरुद्ध एकत्रित दावा चालला. बहुतेकांनी वॉर्ड पाडले. चिल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कृष्णवर्णीय जेमतेम बारा टक्के, तेही विखुरलेले. त्यांचा वॉर्ड पडेना. मग तिथे सात जागा आणि प्रत्येक मतदाराला सात मतं अशी पद्धत आली. सातही मतं एकालाच दिली तरी चालतील. या पद्धतीत एक जागा हमखास मिळवायला एकूण मतदारांच्या आठव्या हिश्शाहून थोडे जास्त लोक लागतात: जागा अधिक एक, त्याने भागायचं. बारा टक्के म्हणजे काठावर किंचित कमीच. पण गोऱ्यांची मतं अनेकांत वाटली गेली आणि 1988 मध्ये बॉबी एगी हे कृष्णवर्णीय उमेदवार नुसते निवडून आले नाहीत, सर्वांत जास्त मतं त्यांनाच पडली.

अमेरिकेत यावर बरीच चर्चा झाली. आपल्याकडे हा हिशोब निम्मं शतक आधी मांडून झाला होता. पुणे करारानंतर राखीव जागा असलेल्या मतदारसंघांत मतं कशी द्यायची असा वाद होता, आणि डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला तो मतं एकवटता येण्याचा. मुंबई इलाख्यात 1937 ची निवडणूक त्याच पद्धतीने झाली. मतदाराच्या हातात जागांइतकी मतं होती, आणि ती सगळी एका नावावर टाकायची मुभा.