ऊन लागलं म्हणजे नेमकं काय झालं? उन्हाचा थकवा आणि उष्माघात

कांदा काढता काढता बाई बांधावर मटकन बसते. चेहरा पांढराफटक, कपाळावरून घामाच्या धारा, हात लावला तर कातडी गार आणि चिकट. "मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे आलेत, डोळ्यांपुढं अंधारी येतेय," असं ती सांगते. त्याच दुपारी वीटभट्टीवरचा एक गडी काहीबाही बरळायला लागतो. बायकोला ओळखत नाही, अंग तव्यासारखं तापलंय. गावात दोघांबद्दल एकच बोललं जातं: ऊन लागलं.

पहिला त्रास उन्हाच्या थकव्याचा, दुसरा उष्माघाताचा. दुसरा काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून हा फरक घरोघरी माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

आधी शरीर ऊन कसं झेलतं ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखणं हे त्याचं काम. रक्त तापलं की तो मज्जातंतूंमार्फत त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घामाच्या ग्रंथी कामाला लावतो. एरवी त्वचेला मिनिटाला अर्धा लिटरही रक्त लागत नाही, कडक उष्म्यात मात्र तिथं सहा ते आठ लिटर खेळवावं लागतं. हृदय ठोके वाढवून त्यातलं बरंचसं पुरवतं. उरलेलं आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाट्यातून येतं. मूत्रपिंडं तेवढ्यातही पाणी आणि मीठ धरून ठेवतात, म्हणून लघवी थोडी, गडद आणि जळजळत होते. आपण "उन्हाळी लागली" म्हणतो त्यामागं बहुतेकदा हीच काटकसर असते.

घामाचं काम तर माठासारखंच. पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. अंगावरून नुसता ओघळलेला घाम गारवा देत नाही, तो वाळला पाहिजे. नागपूरला मे महिन्यात माठातलं पाणी थंडगार होतं आणि मुंबईत तेवढं होत नाही, कारण मुंबईची हवा आधीच दमट असते. शरीराचंही तसंच. त्यामुळे कोकणपट्टीत आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले, तेव्हा पारा साधारण ३८ अंशांवर होता.

आता बांधावरच्या बाईकडे येऊ. तिच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलंय, रक्ताचं आकारमान घटलंय. त्वचा आणि मेंदू, दोघांना एकाच वेळी पुरेल इतकं रक्त हृदयाकडे नाही. म्हणून उभं राहिलं की घेरी येते. ताप असला तरी बहुधा ४० अंशांच्या आतच. पण सगळे अवयव अजून एकमेकांना सांभाळून घेताहेत आणि ती आपला त्रास धड शब्दांत सांगतेय, हे फार महत्त्वाचं. तिला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, घोटघोट ओआरएस पाजा. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेलं ताक किंवा पन्हंही चालेल. अर्ध्या तासात उतार पडला नाही, उलट्या थांबल्या नाहीत, तर दवाखाना गाठायचा.

वीटभट्टीवरच्या गड्याची गोष्ट वेगळी. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलंय आणि सगळ्यांना हुकूम देणारा मेंदूच भाजून निघतोय. बराच वेळ रक्त न मिळालेल्या आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं, तिथल्या जिवाणूंचं विष रक्तात उतरतं आणि अंगभर दाह पेटतो. रक्तवाहिन्यांत बारीक गुठळ्या होतात, यकृताला इजा पोहोचते. अंगमेहनत करणाऱ्याचे स्नायू विरघळून त्यांचा गाळ मूत्रपिंडांत अडकतो. मघाशी एकमेकांची ओढाताण सोसणारे अवयव आता एकमेकांना खाली ओढतात.

घाम थांबला की उष्माघात, असा एक पक्का समज आहे. घरात बंद खोलीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी खरोखरच कोरडी सापडते. पण राबणारा मजूर किंवा धावणारा तरुण घामानं चिंब असतानाही त्याला उष्माघात झालेला असू शकतो. म्हणून खूण घामात शोधू नका, बोलण्यात शोधा. नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर चुकलं, जीभ जड झाली, चाल अडखळली किंवा झटके आले, तर उष्माघातच समजून कामाला लागा.

पॅरासिटामॉल देऊ नका. साध्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमान वर नेऊन ठेवतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात त्यानं ते वर नेलेलंच नसतं. म्हणजे गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच पोळलेल्या यकृतावर भार मात्र वाढतो. खिशातल्या कांद्यानंही अंग गार होत नाही.

१०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका, पहिल्या अर्ध्या तासावर फार काही अवलंबून असतं. सावलीत न्या, कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि टॉवेलनं, पुठ्ठ्यानं, जे हाताशी असेल त्यानं जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. मधून मधून नाव विचारत राहा. तो आपलं नाव धडपणे सांगेपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा चालूच ठेवा.