व्याकरण-भाषांतर पद्धतीची गोव्यातील पार्श्वभूमी

परदेशी भाषांच्या अध्यापनाविषयी बोलताना व्याकरण-भाषांतर पद्धतीचा उल्लेख आज बहुधा कालबाह्य म्हणूनच होतो. नियम सांगायचा, रूपे पाठ करून घ्यायची आणि मग सुटी वाक्ये या भाषेतून त्या भाषेत करायला लावायची, हा तिचा क्रम. युरोपात तो लॅटिन आणि ग्रीकच्या शिक्षणातून आला. १८व्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन शाळांनी फ्रेंच-इंग्रजीसारख्या बोलत्या भाषांनाही तोच साचा लावला आणि १८८२ मध्ये जर्मन भाषातज्ज्ञ विल्हेल्म फिएटोर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

गोव्यातील कथा याच्या बरीच आधी सुरू होते. १५७९ मध्ये येथे आलेले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीज भाषेतून लिहिलेले कोकणीचे व्याकरण, त्यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी, १६४० मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची होती; परंतु ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्या पाद्र्यांना लोकांशी बोलायचे होते, प्रवचन द्यायचे होते, पापनिवेदन ऐकायचे होते. येथे व्याकरण हे बोलण्याची पूर्वतयारी होते, बोलण्याला पर्याय नव्हते, आणि मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पुढे पोर्तुगीज राज्यकर्त्यांचे धोरण उलटले. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याची सक्ती केली, तरी घराघरांतील भाषा त्यामुळे बदलली नाही. १८५४ मध्ये पणजीत लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय) सुरू झाले आणि पोर्तुगीज ही शिक्षणाबरोबर नोकरीचीही वाट ठरली. हिंदू घरांतील मुले मराठी शाळेत अक्षरे गिरवून मग पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाच्या ‘प्रिमेर ग्राव’ (पहिली पायरी), ‘सेगुंद ग्राव’ (दुसरी पायरी) अशा पायऱ्या चढत. सीमेपलीकडे, ब्रिटिश मुलखात, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. तिच्यामुळे वाचन पक्के होई, वाक्यरचनेची जाण येई; परंतु वाक्ये नियमासाठी बेतलेली असल्याने बोलण्याची सवय मात्र त्यातून लागत नसे. या पद्धतीचा खरा दोष मला भाषांतरात नव्हे, तर अशा संदर्भहीन वाक्यांत दिसतो.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर शाळांतील पोर्तुगीज झपाट्याने मागे पडली. १९७० च्या दशकापासून संवादावर भर देणारी पद्धत जगभर रूढ झाली आणि पोर्तुगीज, फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला तिचा लाभ होतो, यात शंका नाही. तथापि, गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदींचा वारसा आजही कायद्यात टिकून आहे, आणि जमिनीचे व वारसाहक्काचे असंख्य जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत. त्या मजकुरात अट सांगणारी भविष्यकाळी क्रियापदरूपे वारंवार येतात. ती रोजच्या बोलण्यातही येतात; पण दस्तऐवजांतील गुंतागुंतीची वाक्ये नुसत्या संभाषणाच्या सरावाने उलगडत नाहीत, कारण रोजच्या बोलण्याला एवढी गुंतागुंतीची वाक्ये लागत नाहीत. वकिलाला, अभिलेखागारातील अभ्यासकाला किंवा आजोबांच्या नावचा कागद हाती आलेल्या कुटुंबाला येथे व्याकरण आणि भाषांतर दोन्ही लागतात.

युरोपीय परिषदेच्या भाषाविषयक आराखड्यानेही २०२० च्या पुरवणीत एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत पोहोचवण्याच्या कौशल्याला विस्ताराने स्थान दिले आहे. गोव्यातील अभ्यासक्रमांत संभाषणाच्या तासांबरोबर अशा खऱ्या दस्तऐवजांच्या भाषांतराचे तासही असायला हवेत, आणि ते पहिल्याच वर्षापासून, सोप्या खरेदीखताच्या एखाद्या परिच्छेदाने सुरू करता येतील.