पैठणच्या नावाची चित्रं

आमची भाची पाचवीत आहे, छत्रपती संभाजीनगरला. मागच्या उन्हाळ्यात शिबिरात वारली शिकली. यंदा बाई म्हणाल्या, आता आपल्या पैठणची चित्रं काढू. घरात सगळ्यांना वाटलं, पैठणीच्या पदरावरचे मोर असणार.

घोळ साहजिक आहे. पैठण म्हटलं की आपल्याला पैठणी, नाथषष्ठी आणि नाथसागर एवढंच आठवतं. पैठण शैलीची चित्रं मात्र कागदावरची, चित्रकथ्यांची. चित्रकथी गावोगाव फिरायचा आणि चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगायचा. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक बाजू सांगून झाली की पान उलटायचं, गोष्ट पुढे सरकायची.

पेशा जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12 व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. आजच्या मराठवाड्याचा बराच भाग तेव्हा चालुक्यांकडेच होता. आज पाहायला मिळतात त्या पोथ्या त्यामानाने अलीकडच्या. पैठण परिसरात त्या बऱ्याच सापडल्या, म्हणून शैलीला गावाचं नाव चिकटलं. त्यातली काही चित्रं पाहायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं लागतं.

चित्रकथीची परंपरा टिकली ती थेट कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीला. तिथल्या ठाकर कलावंतांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी तर गोठ्याचंच संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडे नाव उरलं.

भाचीचं अडलं ते डोळ्यापाशी. चेहरा एका बाजूने काढायचा, पण डोळा समोरून दिसतो तसा पुरता, मासोळीसारखा, निम्मा गाल व्यापणारा. तिने तीनदा खोडला. “मामा, हे चुकलंय ना?” मी म्हटलं, पारावर गर्दी, उजेड दिव्याचा, मागे बसलेल्याला राम रागावलाय हे कळणार कसं? माझा आपला अंदाज. तिला पटला नसावा. तिने कागद टीव्हीला टेकवून ठेवला, पार स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाहिलं, आणि परत येऊन बुबुळ आणखी मोठं केलं.